वाडीचा रस्ता आणि उंबराखालचं पाणी

हे प्रकरण पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका वाडीला जंगलातून केलेल्या रस्त्याचं आहे. वाडीचं, ठेकेदाराचं, कुणाचंच नाव दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदललेत. मी पुण्यात राहतो, सिव्हिलवाला आहे, रस्त्यांची आखणी हेच रोजचं काम. या रस्त्यावर मी मानधन न घेता सल्लागार होतो, म्हणजे खाली जे चुकलं म्हणून लिहिलंय त्यातलं बरंचसं माझंच आहे. जंगलातून कमी नुकसान करणारा रस्ता कसा करायचा हे पुस्तकात नीट लिहिलेलं असतं, पण कुठल्या दिवशी कुठला निर्णय कसा घेतला गेला हे कुणी लिहीत नाही, म्हणून हे लिहितोय.

पार्श्वभूमी

वाडी चाळीसेक घरांची, बहुतेक सगळी महादेव कोळी. भात, नाचणी आणि बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं गोळा करून विकणं. खालचा डांबरी रस्ता वाडीपेक्षा १३० मीटर खाली, मधे राखीव जंगल आणि त्यातून जाणारी पायवाट, चढायला पाऊण तास. पेशंट न्यायचा तर डोली. एका बाळंतिणीला भर पावसात रात्री दोनला डोलीतून खाली आणलं, बाई आणि बाळ दोघं वाचली, पण डोली धरलेल्या एकाचा पाय ओढ्यात मोडला, आणि त्यानंतर वाडीने रस्त्याचं अगदी मनावर घेतलं.

जागा भीमाशंकर अभयारण्याच्या बाहेर होती, हे नशीब. आत असती तर परवानगीची वाट पूर्ण वेगळी आणि खूप लांबची. बाहेर असल्यामुळे वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) वर काम भागलं. गावाच्या १३ प्रकारच्या सोयींसाठी, त्यात रस्ताही येतो, ग्रामसभेच्या शिफारशीवर वनजमीन देता येते, पण जागा प्रत्येक कामाला १ हेक्टरच्या आत हवी आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं जायला नकोत. लोकांना ही अट अडचण वाटते. मला ती डिझाईन करताना सगळ्यात कामाला आली.

नेमका प्रश्न

रस्ता हवा यावर वाद नव्हताच. कसा हवा यावर मात्र पहिल्याच ग्रामसभेत गाडी अडली. पुरुष मंडळी "चांगला रुंद करा, एसटी आली पाहिजे" म्हणत होती. मागे बसलेल्या बायकांपैकी एका मावशींनी उभं राहून विचारलं, "डोंगराला पोकलेन लावनार का?" आणि सगळे गप्प झाले.

माळीण याच तालुक्यातलं. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर गावावर आला आणि दीडशेच्या वर माणसं गेली. उतारावर मशीनने केलेल्या सपाटीकरणावर तेव्हा बरंच बोललं गेलं होतं, आणि इथे जवळपास प्रत्येक घरात कुणीतरी नातेवाईक त्या बाजूचा. तो प्रश्न भीतीतून आला असं म्हणून बाजूला सारता आला असता, पण तो तांत्रिक प्रश्न होता आणि अगदी बरोबर होता. मी तिथे तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नाही, "बघू, कमीत कमी लावू" एवढंच म्हणालो. मग पुण्याला परत येताना मंचरपर्यंत डोक्यात तेच.

पर्याय काय होते

पहिला पर्याय ठेकेदाराने आधीच कागदावर मांडून ठेवला होता. डोंगराच्या सोंडेवरून जवळजवळ सरळ वर, १.३ किलोमीटर, गटारं धरून रुंदी ७ मीटर. जागा ०.९१ हेक्टर, म्हणजे १ हेक्टरच्या आत बसते, लांबी कमी म्हणून खर्चही कमी दिसतो. पण १३० मीटर उंची १.३ किलोमीटरमधे चढायची म्हणजे सरासरी १० टक्के चढ. डोंगरी रस्त्याला आपण नेहमीसाठी ५ ते ६ टक्के धरतो, अगदीच नाइलाज असेल तिथे थोड्या लांबीत ८. मुरमाच्या रस्त्यावर सलग १० टक्के चढ असला की पहिल्याच पावसात त्याचा ओढा होतो. शिवाय झाडं मोजली तर ११८ भरली, आणि तेवढ्या जागेला मुभा ६८ ची. म्हणजे कायद्यानेच हा पर्याय बाद झाला, मला भांडावं लागलं नाही.

दुसरा पर्याय म्हणजे रस्ता करायचाच नाही, पायवाट दीड मीटर रुंद करून दगडाने बांधायची, ओढ्यावर साकव टाकायचा. जंगलाच्या दृष्टीने हाच सगळ्यात चांगला होता आणि मी तो ग्रामसभेत मनापासून मांडला. लोकांनी ऐकून घेतला आणि नाही म्हणाले. एक म्हातारेबाबा म्हणाले, "सायेब, डोली ती डोलीच की, चांगल्या वाटंवरची असली तरी." यावर मी काय बोलणार, जी माणसं तिथे राहतात त्यांनी ठरवायचं होतं.

तिसरा, जो केला तो. लांबी २.१ किलोमीटर, रुंदी सगळी मिळून साडेचार मीटर, सरासरी चढ ६.२ टक्के, जागा ०.९४५ हेक्टर. एसटी येणार नाही, जीप, पिकअप आणि अँब्युलन्स येईल. लांबी वाढली तर नुकसान वाढेल असं सगळ्यांना वाटतं, मलाही काम शिकायच्या आधी तसंच वाटायचं. पण डोंगरात लांबीपेक्षा रुंदी जास्त महाग पडते. ६० टक्के उतारावर रस्त्याची साडेचार मीटरची बैठक पूर्ण कापून काढायची तर मागचा, डोंगराकडचा काप २.७ मीटर उंच होतो आणि एका मीटर लांबीला साधारण ६ घनमीटर माती निघते. तीच बैठक ७ मीटरची केली तर काप ४.२ मीटर आणि माती १४.७ घनमीटर. रुंदी दीडपट, माती जवळजवळ अडीचपट. ग्रामसभेत हे जमिनीवर काठीने काढून दाखवलं, आणि मावशींच्या प्रश्नाचं उत्तर मला वाटतं तेव्हा कुठे दिलं गेलं.

आखणी

फेब्रुवारीत तीन शनिवार-रविवार आम्ही घाट ट्रेसर घेऊन फिरलो. हे जुनं साधं यंत्र आहे, चढ लावायचा, नळीतून बघायचं, समोरचा माणूस पाटी घेऊन वरखाली होतो आणि रेघ जुळली की तिथे खुंटी. बरोबर वाडीतली चार पोरं आणि वनरक्षक. सॅटेलाईटचे नकाशे होते माझ्याकडे, पण झाडीखाली जमीन काय करते ते त्यात दिसत नाही, पायांनाच कळतं.

काही गोष्टी इथेच ठरल्या. वळण एकच ठेवलं आणि तेही जिथे नैसर्गिक सपाट माळ आहे तिथे, कारण हेअरपिनला आतली त्रिज्या किमान १४ मीटर लागते आणि उतारावर ती बसवायची म्हणजे अख्खी सोंड कापायची. दोन ओढे ओलांडायला पाईप मोऱ्या नकोत, फरशी करायची, म्हणजे ओढ्याच्या पात्रातच पक्की सपाट बांधणी. जंगलातल्या ओढ्यात पाण्याबरोबर पाला, फांद्या, गोटे येतात, पाईप तुंबला की पाणी रस्त्यावर चढतं आणि मग रस्ताच घेऊन जातं. फरशीवरून पाणी जातं, दोन तास थांबावं लागतं, उतरलं की गाडी चालू.

बाजूचं गटारही नाही. रस्त्याला दरीच्या बाजूला हलका उतार द्यायचा म्हणजे पाणी साठून धावायच्या आधीच पसरून खाली जातं, आणि चढ जास्त असेल तिथे दर चाळीसेक मीटरवर रस्त्यातच एक रुंद उथळ खोलगट आणि त्यापुढे उंचवटा, पाणी तिथे बाहेर पडलंच पाहिजे असा. वाडीतली मुलं त्याला झोका म्हणायला लागली, जीपमधे बसलं की पोटात तसं होतं म्हणून, आणि पुढे आम्ही सगळेच झोका म्हणायला लागलो.

वनरक्षकाने एक गोष्ट सुचवली जी माझ्या मनात आली नसती. शेकरू शक्यतो जमिनीवर उतरत नाही, झाडावरून झाडावर जातं, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे शेंडे वर कुठेकुठे एकमेकाला लागलेले राहू द्या. अशा सहा जागा आम्ही खुणा करून ठेवल्या आणि तिथे फांदीलासुद्धा हात लावायचा नाही असं ठरलं. मोजणीत आधी ६१ झाडं जात होती, रेघ थोडी थोडी सरकवून ती ५४ वर आली.

आणि आता उंबर. १२५० मीटरच्या आसपास आमची रेघ एका मोठ्या उंबराच्या बुंध्यातून जात होती. वरून न्यावी तर तीन हिरडे जात होते. इथे हिरड्याची झाडं जंगलात असली तरी कुठलं झाड कुणाच्या घराचं हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं, आणि ते तीन एका विधवा बाईंचे. खालून न्यावी तर काहीच जात नव्हतं, फक्त काप थोडा उंच होत होता. आम्ही खालून नेली आणि उंबर वाचला, हिरडे वाचले म्हणून खूश होऊन पुढे गेलो. बाकी झाडी सगळी हिरडा, जांभूळ, अंजनीची, कारवीची, आणि मधेच एवढा डेरेदार उंबर का उभा आहे हे कुणीच विचारलं नाही. उंबर तिथे पाणी, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. आम्ही तो झाड नंबर ३७ म्हणून वहीत लिहिला.

एप्रिलमधे ग्रामसभेचा ठराव झाला, फाईल गेली, परवानगी पावसाळा संपता संपता आली. पावसाळ्याचे चार महिने आमच्या हातात होते. आखलेल्या रेघेवरून जुलैत एकदा छत्री घेऊन चालत गेलो असतो तर पुढचं सगळं टळलं असतं. पण परवानगीच नाही तर जाऊन काय करायचं असं वाटलं आणि गेलो नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक ही.

काम

दिवाळीनंतर काम सुरू झालं, निधी मार्चअखेर खर्च करायचा होता. छोटा पोकलेन, दोन ट्रॅक्टर-ट्रॉल्या, बाकी वाडीतली माणसं. तीव्र उताराची लांबी साधारण ३०० मीटर, तिथे रस्ता पूर्ण कापलेल्या जमिनीवर बसवायचा, भरावावर चाक येऊ द्यायचं नाही आणि निघालेली माती दरीत लोटायची नाही, वाहून न्यायची. जागेवरची १८०० घनमीटर, खणली की फुगते, आठशेच्या वर ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) होते. ती टाकायला तीन जागा आधीच ठरवल्या होत्या: वळणाचा माळ, वाडीजवळची जुनी मुरमाची खाण आणि गाडी फिरवायची जागा.

जानेवारीतल्या एका आठवड्यात मी पुण्याहून जाऊ शकलो नाही. पुढच्या वेळी गेलो तर जवळजवळ ४० मीटर लांबीत माती सरळ खाली लोटलेली. कारवी गाडली गेलेली, मातीची जीभ ओढ्यापर्यंत पोचलेली, आणि खालच्या दुसऱ्या तीन हिरड्यांच्या बुंध्याला गुडघ्याएवढा ढीग. बुंध्याभोवती असा ढीग राहिला की झाड लगेच मरत नाही, दोनतीन वर्षांत वाळतं आणि तोवर कुणाला कारण आठवतही नाही.

मी ऑपरेटरवर ओरडलो, खूप ओरडलो, आणि नंतर करारपत्र परत वाचलं तेव्हा लक्षात आलं की दोष त्याचा कमी होता. खोदाईचे पैसे घनमीटरवर होते. वाहतुकीचा वेगळा दर नव्हताच. म्हणजे जितकं जास्त कापाल तितकं बिल जास्त आणि जितकी माती वाहून न्याल तितका तोटा. आम्ही तोंडाने एक सांगत होतो आणि कागद त्याला बरोबर उलटं सांगत होता. ठेकेदाराबरोबर दोन बैठका झाल्या, थोडं त्याने सोसलं, थोडं आम्ही, आणि उरलेल्या कामाला चालू मीटरवर, म्हणजे रस्त्याच्या लांबीवर, दर ठरला, ठरलेल्या रुंदीला आणि माती ठरलेल्या जागी टाकून. दुसऱ्या दिवसापासून मशीन वेगळ्याच पद्धतीने चालायला लागलं. ढीग हटवायला अकरा माणसं चार दिवस लागली, घमेल्याने, कारण मशीन तिथे उतरवणं म्हणजे आणखी नुकसान.

वर डांबर नाही. दगडाचं सोलिंग, म्हणजे खाली दगडांचा थर, त्यावर मुरूम, रोलर, आणि जास्त चढाच्या तुकड्यांत चाकाखाली काँक्रीटच्या दोन पट्ट्या. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पहिली जीप वर गेली.

पहिला पावसाळा

या पट्ट्यातला पाऊस पुण्यात बसून कळत नाही. २०२४ च्या जुलैत मुळशीच्या ताम्हिणीला एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पडला होता, आंबेगावचा घाटमाथाही त्याच रांगेतला.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी वाडीतल्या पोराचा फोन आला, "सर, उंबराखाली बसलाय." दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला निघालो, घोडेगावपासून पुढे काही दिसत नव्हतं. दोन्ही फरश्या ठीक होत्या, झोके बहुतेक ठीक, फक्त एकाचा उंचवटा ट्रॅक्टरच्या चाकांनी कापला गेला होता आणि तिथून पाण्याने वीतभर खोल चर पाडली होती. उंबराखाली मात्र मागचा काप १८ मीटर लांबीत खाली आला होता आणि रस्ता पूर्ण बंद. कुणाला लागलं नव्हतं.

चिखल थोडा बाजूला केल्यावर कापात तांबड्या मातीचा एक पट्टा दिसला, जेमतेम हातभर जाडीचा, वर मांजऱ्या (भोकाभोकांचा) खडक आणि खाली काळा पाषाण. आपल्याकडे लाव्हाच्या दोन थरांमधे ही तांबडी माती सापडते, चिकण असते, वरून झिरपलेलं पाणी तिच्यातून खाली जात नाही, आडवं सरकतं. त्या पट्ट्याच्या माथ्यावरून पाणी येत होतं. आजूबाजूचं सगळं पाणी गढूळ लाल आणि हे काचेसारखं स्वच्छ, हात लावला तर गार. वर उंबराची मुळं उघडी पडून त्याच पट्ट्याच्या रेघेत आडवी पसरलेली दिसत होती, ती अर्थातच पाण्याच्या मागे गेली होती. झरा दाखवणारं झाड आम्ही वाचवलं आणि झऱ्याचाच गळा कापला.

त्या पावसाळ्यात चार पेशंट खाली न्यावे लागले, त्यातल्या दोघांना ढिगाऱ्यापलीकडे दोनशे मीटर डोलीने आणि पुढे जीपने.

दुरुस्ती

लगेच मशीन चढवून ढिगारा हटवायचा असा फार दबाव होता, वाडीचा आणि वरूनही. इथे आम्ही थांबलो, आणि ते बरोबर केलं असं अजून वाटतं. भर पावसात पायथ्याची माती काढली असती तर उंबरासकट वरचं सगळं आलं असतं. पायी आणि मोटरसायकलला पुरेल एवढी वाट हाताने केली आणि बाकी डिसेंबरवर ठेवलं.

डिसेंबरात त्या पट्ट्याला लागून मागे चर खणून दगडगोटे भरले, म्हणजे पाण्याला बाहेर यायला स्वतःची वाट मिळाली. पुढे कोरड्या दगडांची भिंत रचली, सिमेंट न लावता, फटीतून पाणी निघावं म्हणून. रचणारे दोघंही वाडीतलेच, बांध घालण्यात त्यांचा हात बसलेला. भिंतीच्या पायथ्याचं पाणी नव्या झोक्यातून रस्त्यापलीकडे आणि पलीकडे पाणी पडतं तिथे माती धुपू नये म्हणून दगडी पिचिंग. सैल उतारावर वाळा आणि निरगुडी लावली. दुसरा पावसाळा या भिंतीने काढला, एक दगड सरकला नाही. उंबर उभा आहे, पण एका बाजूची फांदी वाळलीय.

आज परत करायचं तर

आखणी उन्हाळ्यात करा पण खुंटी पक्की करायच्या आधी एकदा आषाढात त्या रेघेवरून चाला, ही गोष्ट मी आता करारातच लिहून घेतो. उंबर, जांभळीचा दाट झुबका, उन्हाळ्यातही हिरवं राहिलेलं गवत, हे सगळं झाडमोजणीच्या वहीत न जाता पाण्याच्या नकाशावर जायला हवं. मला विचाराल तर त्या तीन हिरड्यांचा मोबदला त्या बाईंशी बोलून ठरवायला हवा होता आणि रेघ उंबराच्या बरीच वरून न्यायला हवी होती. त्यांना आम्ही विचारलंही नाही, आपणच त्यांच्या वतीने ठरवून टाकलं. नंतर त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "इचारलं असतं तर सांगितलं असतं, तिथं आमी पावसात पानी भरतो."

दर चालू मीटरवर, माती टाकायच्या जागा नकाशात आणि करारात, आणि काप चालू असताना तिथे रोज कुणीतरी हजर. आम्ही हे तिसरं वाडीतल्याच एका मुलाला शिकवून, पगार देऊन करू शकलो असतो.

बरोबर ठरलेला एक निर्णय पण सांगायला हवा. रस्ता पुढे पाऊण किलोमीटर नेऊन पठारावर पोचवा अशी मागणी मधेच आली, तिथे पावसाळ्यात धबधबा दिसतो. रस्ता येतोय म्हटल्यावर दोन महिन्यांत खाली 'प्लॉट विकणे आहे' ची पाटी लागलीच होती. ग्रामसभेने रस्ता वाडीतच संपेल असा ठराव केला आणि १५ जून ते ३० सप्टेंबर खाली रस्त्याला आडवी साखळी. पुण्यातून शनिवार-रविवारी येणाऱ्या गाड्या ओल्या मुरमावर फिरल्या तर झोके आठवड्यात सपाट होतील. साखळीची किल्ली आशाताईंकडे, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेकडे असते. पहिल्या वर्षी यावरून दोनदा भांडणं झाली, एकदा पोलीस पाटलांना यावं लागलं.

सध्या

रस्त्याला आता दोन पावसाळे झालेत. देखभाल रोजगार हमीतून व्हायची ठरलं होतं, ते एक वर्ष जमलं, दुसऱ्या वर्षी कामाची मंजुरी उशिरा आली म्हणून वाडीने श्रमदानाने केलं. मृगाच्या आधी सगळे झोके साफ करून उंचवटे परत चोपायचे असतात, दोन दिवसांचं काम. डांबर टाकून घ्या म्हणणारा एक गट वाडीत आहे आणि त्यांचं म्हणणं मला पूर्ण चूक वाटत नाही, मुरूम दरवर्षी थोडा जातोच. पुढच्या ग्रामसभेत त्यावर बोलायचंय, मी काँक्रीटच्या पट्ट्या आणखी तीनशे मीटर वाढवायचा हिशोब घेऊन जाणार आहे. यंदाचे नऊ झोके अजून बाकी आहेत, उंबराजवळचा आधी घ्यायचं ठरलंय.